"मामा, ह्यो घोरता कित्याक?" : डार्थ वेडर, त्याचा सूट आणि त्याचे मालक

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आलेला कुडाळवरून, दहा वर्षांचा आहे, रात्री कढी-भात जेवून झाला की लॅपटॉपवर स्टार वॉर्स लावून बसायचा, मी आपला बाजूला आडवा पडून मोबाईल बघत होतो तेवढ्यात विचारतो, "मामा, ह्यो घोरता कित्याक?" मान वर करून बघितलं तर डार्थ वेडर, त्या अंतराळातल्या सिनेमांचा काळ्या मुखवट्यातला व्हिलन. मी म्हटलं झिला, ता घोरणा नाय, मशीन आसा. पलीकडे आई लसूण सोलत होती, ती म्हणते वेडर म्हणजे वेडो काय रे तो? तर त्या दोघांना समजवता समजवता तीन रात्री गेल्या आणि मग वाटलं लिहूनच टाकूया. ज्यांनी सिनेमे बघितलेच नाहीत त्यांनीपण वाचा, पहिला सिनेमा १९७७ चा आहे, आता कसला आलाय स्पॉयलर.

मी काय सिनेमावाला नाही. मालवणात सीझनला स्कूबाच्या होड्यांना सिलिंडर लागतात ते कॉम्प्रेसरवर भरायचं काम करतो, दिवसभर हवा, प्रेशर आणि ओ-रिंगा. पण म्हणूनच तो आवाज मला लगेच कळतो, कारण तो आवाज आमचाच आहे. खरोखर. बेन बर्ट नावाचा साउंड डिझायनर होता ह्या सिनेमांचा, त्याने स्कूबाचा रेग्युलेटर घेतला, त्याच्या तोंडात धरायच्या भागात छोटा माईक बसवला आणि स्वतः श्वास घेऊन रेकॉर्डिंग केलं, हळू, जोरात, वेगवेगळ्या स्पीडने. जगातला सगळ्यात प्रसिद्ध व्हिलन श्वास घेतो तो तारकर्लीला टुरिस्टाच्या तोंडात असतो त्याच वस्तूतून.

आता ही वस्तू करते काय ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. सिलिंडरमध्ये हवा भरतो ती साधारण २०० बारला, मोटरसायकलच्या टायरात असते दोन-अडीच बार, म्हणजे विचार करा. ही हवा थेट तोंडात सोडली तर माणूस संपला. म्हणून सिलिंडरच्या तोंडावर एक भाग असतो तो प्रेशर खाली आणतो, आणि दुसरा भाग आपल्या तोंडात असतो, त्यात एक रबरी पडदा. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत येतो, एक दांडी दाबतो, व्हॉल्व उघडतो, हवा येते. ओढायचं थांबलात की बंद. म्हणजे मागाल तेव्हाच देणार, वाण्यासारखं. १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्याँ ह्या दोघांनी हे डायव्हिंगसाठी जमवलं. पाण्यात सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे होतात, पण जमिनीवर तोच रेग्युलेटर तोंडात धरा, येताना घशाघशी आवाज, जाताना पोकळ फुस्स, डिट्टो वेडर. आमच्याकडे नवीन पोरं कामाला लागली की पहिल्या दिवशी हा खेळ करतातच.

पण एक गोष्ट नीट ऐका, इथेच सगळी मेख आहे. स्कूबात श्वास तुमच्या मर्जीने चालतो. घाबरलात की भराभर चालतो, म्हणून तर नवखा माणूस अर्ध्या वेळात सिलिंडर संपवतो आणि सराईत माणसाचा पुरतो. वेडरचं तसं नाही. तो चालू दे, तलवार चालवू दे, कुणाचा गळा दाबू दे, श्वास एकाच ठेक्यात. दम लागलाय असं कधी ऐकू येत नाही. म्हणजे श्वास तो घेतच नाहीये, त्याला दिला जातोय. आवाज रेग्युलेटरचा पण वागणूक व्हेंटिलेटरची. आणि बर्टच्या डोक्यातपण मुळात हॉस्पिटलच होतं, पहिल्या ट्रायलला त्याने नुसता श्वास नाही तर हृदयाचे ठोके, मान वळवली की मोटारीचा आवाज, असं सगळं टाकलेलं आणि ते ऐकल्यावर ऑपरेशन थिएटर चालत आल्यासारखं वाटायला लागलं, त्याने स्वतः हे सांगितलंय, मग बाकीचं काढून फक्त श्वास ठेवला.

चालत आलेलं ऑपरेशन थिएटर. वेडर समजून घ्यायचा असेल तर ही गोष्ट धरून ठेवा, कारण आपण काय करतो, काळा सूट, हेल्मेट, छातीवर लाल-निळी बटणं बघून समजतो हे चिलखत आहे, ह्यातून पॉवर येते. उलटं आहे. पॉवर त्याची स्वतःची, सूट त्याला फक्त मरू देत नाही.

आता त्याची गोष्ट. ही सांगायची पण गंमत आहे, आपल्या दशावतारात आधी पूर्वरंग आणि मग आख्यान, ह्यांनी आख्यान आधी करून टाकलं १९७७, १९८० आणि १९८३ ला, आणि पूर्वरंग सोळा वर्षांनी काढला, १९९९, २००२, २००५. त्यामुळे ज्यांनी पडद्यावर पहिल्यांदा वेडर बघितला त्यांना तो कोण, कुठला, काहीच माहीत नव्हतं. नुसता काळा राक्षस पार्ट.

खरं नाव ॲनाकिन स्कायवॉकर. टॅटूइन नावाचा वाळवंटी ग्रह, आकाशात दोन सूर्य, आणि तिथे श्मी नावाची गुलाम बाई, तिचा हा मुलगा. बाप नाहीच, आई स्वतः सांगते की बाप कोणी नव्हताच. माझी आई म्हणाली कर्णासारखं दिसतंय. म्हटलं थोडंसं तसंच, कर्ण पुढे येईलच. मुलगा नऊ वर्षांचा असताना आपल्याला पहिल्यांदा दिसतो, वॉटो नावाच्या भंगारवाल्याच्या दुकानात काम करतोय, हुशार एवढा की भंगारातून बोलणारा रोबो बनवलाय, शर्यतीची गाडी बनवलीय.

आणि इथे एक वाक्य येतं जे बहुतेक लोक विसरतात, मी पण तिसऱ्यांदा बघताना पकडलं. जेवणाच्या टेबलावर आई आणि मुलगा पाहुण्यांना सांगतात की इथल्या प्रत्येक गुलामाच्या शरीरात एक ट्रान्समीटर बसवलेला असतो, पळून जायला बघितलं की उडवून देतात. मुलगा म्हणतो मी माझा शोधायला स्कॅनर बनवतोय. नऊ वर्षांचं पोर! म्हणजे बघा, आपण म्हणतो की वेडर सायबॉर्ग, म्हणजे अर्धा माणूस अर्धं मशीन, झाला तो पुढे लाव्हात जळल्यावर. नाही हो. त्याच्या अंगात पहिलं मशीन लहानपणीच घातलेलं होतं, मालकाने, आणि त्याचं बटण मालकाकडे होतं. माझ्या मते पूर्ण गोष्ट ह्या एका गोष्टीवर उभी आहे, बाकी लाईटसेबर म्हणजे त्या उजेडाच्या तलवारी वगैरे नंतर.

तर क्वाय-गॉन नावाचा जेडाय तिथे येतो. जेडाय म्हणजे काय तर योद्धे आणि साधू मिक्स, विश्वात फोर्स नावाची एक शक्ती आहे ती ह्यांना वापरता येते. तो शर्यतीवर पैज लावून मुलाला सोडवतो पण आईला नाही सोडवू शकत. मुलगा जातो, आई गुलामच राहते. आईला नंतर एकाने विकत घेऊन मोकळं केलं, लग्न केलं, पण दहा वर्षांनी वाळवंटातल्या टोळीने तिला पळवलं आणि ॲनाकिन पोचला तेव्हा ती त्याच्या हातात गेली. त्या रात्री त्याने ती टोळी कापून काढली, बायका-पोरांसकट. हे विसरायचं नाही, कारण पुढे आपल्याला त्याची दया येणार आहे आणि दया येताना हे पण लक्षात ठेवायचं, तो नुसता बिचारा नाहीये.

जेडायांची त्याला घ्यायलाच ना होती आधी, ह्याच्यात भीती फार आहे म्हणाले, आईला गमवायची भीती. क्वाय-गॉन मारला गेला तेव्हा त्याचा शिष्य ओबी-वान ह्याने मग ॲनाकिनला शिकवलं. जेडायांना लग्नाची परवानगी नसते, ह्याने पद्मे नावाच्या सिनेटरशी गुपचूप लग्न केलं. नाव ऐकून आई खूश, आपल्यातलीच वाटते म्हणाली. त्या लग्नाच्या जरासं आधी काउंट डूकू नावाच्या म्हाताऱ्याने लढाईत ह्याचा उजवा हात कोपराजवळ उडवलेला, तिथे मशीनचा हात बसवला, आणि २००२ च्या सिनेमाच्या शेवटी लग्नात तो पद्मेचा हात धरतो तो त्याच लोखंडी हाताने. कॅमेरा मुद्दाम दाखवतो. बाकी त्या सिनेमातली प्रेमाची दृश्यं बघवत नाहीत, पण हे एक जमलंय.

मग पाल्पाटीन. हा दिसायला राजकारणी, आतून सिथ, म्हणजे जेडायांच्या उलट बाजूचा. आपल्याकडे गावात एखादा असतो ना, भांडणात दोन्ही बाजूंना वकील तोच सुचवतो, तसा. ॲनाकिनला स्वप्नं पडायला लागतात की पद्मे बाळंतपणात मरणार. आईच्या वेळी पण आधी स्वप्नं पडलेली आणि खरी झालेली, म्हणून तो हादरलेला. पाल्पाटीन सांगतो मला मरण थांबवायची विद्या माहितीय. संपलं. ह्या एका आशेवर तो जेडायांच्या विरोधात जातो, नवीन नाव मिळतं डार्थ वेडर, आणि पहिलं काम काय तर जेडायांच्या मंदिरात जाऊन सगळ्यांना मारणे, लहान मुलं धरून. पाल्पाटीनला तो मास्टर म्हणतो. आईला मी म्हटलं, मालक बदलला फक्त.

पुढे मुस्तफार, लाव्हाचा ग्रह. ओबी-वान आणि ह्याची लढाई, ओबी-वान उंचावर उभा, हा खालून उडी मारतो आणि एका वारात दोन्ही पाय आणि डावा हात जातो. उजवा आधीच गेलेला. लाव्हाच्या काठावर पडतो, कपडे पेटतात, आणि ओबी-वान त्याला पूर्ण मारत पण नाही, वाचवत पण नाही, त्याची तलवार उचलून निघून जातो. ह्यावर भाचा आणि मी अर्धा तास भांडलो. भाच्याचं म्हणणं ओबी-वानने सोडलं म्हणून तो वाचला, बरं केलं, माझं म्हणणं जळणाऱ्या माणसाला टाकून जाणं ह्याच्यापेक्षा वाईट काय असतं. अजून मिटलेलं नाही.

आता जरा डॉक्टरकीचं. मी डॉक्टर नाही पण डायव्हिंगवाल्यांना फुफ्फुसाबद्दल शिकावं लागतं. लाव्हा असतो साधारण हजार-बाराशे डिग्री सेल्सियसला. जळालेला माणूस तीन बाजूंनी मरतो. एक म्हणजे गरम हवा आणि विषारी वायू आत गेले की घसा आणि श्वासनळी सुजते, काही तासांत बंद होऊ शकते, वायू खोल गेले तर फुफ्फुसच खराब. दुसरं, कातडी गेली की अंगातलं पाणी बाहेर जातं आणि जंतू आत येतात, जळीत वॉर्डात लोक पहिल्या दिवसापेक्षा नंतर इन्फेक्शनने जास्त जातात ते ह्यामुळे. तिसरं, भरून आलेल्या कातडीला घाम येत नाही, म्हणजे शरीर थंड ठेवता येत नाही. ह्या तिन्हीवर उपाय काय, तर श्वास ढकलणारं मशीन, बाहेरचा जंतू आत येणार नाही असं बंद आवरण, आणि तापमान सांभाळणारी सोय. हे तीन एकत्र करून काळा रंग मारा, झाला वेडरचा सूट. वर चार मशीनचे हात-पाय.

त्याला एक गोल बंद खोली पण आहे, १९८० च्या सिनेमात दिसते, तिच्यात बसला की तो हेल्मेट काढू शकतो आणि मागून क्षणभर त्याचं डाग पडलेलं टक्कल दिसतं. गोष्टीत म्हटलंय की आत हवेचं प्रेशर वाढवलेलं असतं. अशी खोली खरी असते. डायव्हर खोलातून घाईघाईत वर आला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्याला अशाच प्रेशरच्या चेंबरमध्ये ठेवतात, आणि न भरणाऱ्या जखमांसाठी पण डॉक्टर ते वापरतात. तर हे लेखकाने हवेत सोडलेलं नाही.

आणि व्हेंटिलेटरचा इतिहास पण सांगतो, थोडक्यात. १९२८ साली बोस्टनमध्ये आयर्न लंग आलं, लोखंडी पिंप, पोलिओचा पेशंट मानेपर्यंत आत, पिंपातली हवा खेचली की छाती फुगते आणि श्वास आत येतो. १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची एवढी मोठी साथ आली की पिंपं पुरेनात, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरने गळ्याला छेद देऊन नळीतून हवा आत ढकलायची पद्धत काढली, आणि मशीन नाही म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस हाताने रबरी पिशवी दाबत बसले. आजचं आयसीयू तिथून आलं. गळ्यातल्या नळीचा प्रॉब्लेम असा की हवा स्वरयंत्राला बायपास करते त्यामुळे पेशंटला बोलता येत नाही, वेगळा व्हॉल्व लावावा लागतो. वेडर मात्र खणखणीत बोलतो, मधे मधे श्वास चालूच. हे कसं काय ते विचारू नका, सिनेमा आहे.

भाच्याने एक भारी प्रश्न विचारला, तेच्या पाठीवर सिलिंडर खंय आसा? मी खरोखर हिशोब केला. आमचा १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला म्हणजे २४०० लिटर हवा. निवांत बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा-आठ लिटर लागते, मारामारी करणाऱ्याला साठ पण लागेल. म्हणजे पूर्ण सिलिंडर चाळीस मिनिटात खल्लास. वेडरच्या छातीवर तर डब्याएवढा बॉक्स. तेव्हा त्याच्यात हवेचा साठा नसणार, बाहेरची हवा घेऊन, गाळून, आत ढकलत असणार, असा माझा अंदाज.

तसलं मशीन आमच्या घरी होतं. २०२१ ला आजोबांना कोविडनंतर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेला, चार महिने. चाकाचा डबा, खोलीतली हवा ओढतो, नायट्रोजन बाजूला काढतो, ऑक्सिजन नळीतून नाकात. रात्रभर धड-धड-फुस्स, धड-धड-फुस्स. आणि जून-जुलै आला. कोकणात पावसात लाईटचं काय होतं ते मी कोकणातल्या माणसाला सांगायला नको, वारा सुटला की गेली, आंबा पडला तारेवर की गेली. डबा साडेतीनशे वॉटचा, इन्व्हर्टर जेमतेम दोन-अडीच तास ओढायचा, मग मोठा सिलिंडर उघडायचा. आजोबा आयुष्यभर होडी घेऊन समुद्रात गेलेला माणूस, कधी कुणाला भ्यायला नाही, पण पंखा बंद पडला की माझ्याकडे बघायचा. काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. वेडरबद्दल जे कळलं ते मला तेव्हा कळलं, आधी मी पण त्याला चिलखतवालाच समजत होतो.

कारण वेडरचा वीक पॉइंट तोच आहे, वीज. आणि त्याचा मालक पाल्पाटीन, ज्याने हा सूट चढवून घेतला, त्याची स्पेशल विद्या कुठली? बोटांतून वीज सोडणे! म्हणजे ज्याने नोकराला सूट दिला त्याच्याच हातात सूट जाळायची सोय. वॉटोच्या ट्रान्समीटरची मोठी आवृत्ती झाली की नाही. आणि आता कर्ण घ्या. कर्ण कवच घेऊन जन्मला आणि मागितल्यावर अंगावरून सोलून देऊन टाकलं. ह्याला कवच नंतर चिकटवलं, आणि हा ते काढूच शकत नाही.

सूट घातल्यावर शुद्धीवर येतो तेव्हा ॲनाकिनचा पहिला प्रश्न काय, पद्मे कशी आहे. पाल्पाटीन सांगतो तूच रागाच्या भरात तिला मारलंस. ज्या कारणासाठी सगळं केलं तेच गेलं. तिकडे पद्मेला जुळं झालेलं असतं, ल्यूक आणि लेया, आणि ती गेलेली असते, पोरं जगलीत हे ह्याला कळूच दिलं जात नाही. तेव्हा हा बावीस-तेवीस वर्षांचा. पुढची तेवीस वर्षं तो ह्या डब्यात. म्हणजे मरताना जेमतेम पंचेचाळीस, आणि आपण त्याला म्हातारा समजतो.

आता ताकद. हे भाच्याला सगळ्यात जास्त पाहिजे होतं आणि मी सगळ्यात शेवटी सांगतोय.

हात न लावता वस्तू हलवणे, माणूस उचलणे, गळा आवळणे. १९७७ मध्ये मीटिंगमध्ये एक अधिकारी त्याच्या श्रद्धेची टिंगल करतो, हा बसल्या जागी नाही, चार पावलं चालत येऊन दोन बोटं जवळ आणतो आणि तिकडे त्या माणसाचा श्वास बंद. १९८० ला तर स्क्रीनवर बोलता बोलता दुसरीकडे उभ्या असलेल्या ॲडमिरलला संपवतो. ज्याला स्वतःचा श्वास स्वतः घेता येत नाही तो दुसऱ्यांचा श्वास थांबवतो, हे कुणी मुद्दाम लिहिलं की आपोआप झालं देव जाणे, पण मला भारी वाटतं. बंदुकीचा मारा तो हाताने अडवतो. ओळखीचा माणूस जवळ आला की त्याला कळतं. पायलट म्हणून एक नंबर. मेकॅनिक तर लहानपणापासून. तलवारीत मात्र फरक पडला, जळायच्या आधीचा ॲनाकिन उड्या मारत, गिरक्या घेत लढायचा, वेडर जागेवरून कमी हलतो, जड वार करतो, समोरच्याला मागे मागे ढकलत नेतो.

आणि मशीनमुळे त्याची ताकद वाढली का? जॉर्ज लुकस, म्हणजे ज्याने हे सगळं रचलं, त्याने मुलाखतीत सांगितलंय की ॲनाकिन पाल्पाटीनच्या दुप्पट ताकदीचा होऊ शकला असता, पण शरीरच एवढं कमी उरलं की उलट त्याच्यापेक्षा वीसेक टक्के कमीच राहिला. फोर्स जिवंत शरीरातून येतो, लोखंडातून नाही. म्हणजे दुसऱ्या गोष्टींत सायबॉर्ग म्हणजे माणूस अधिक मशीन, इथे माणूस वजा. पाल्पाटीनला पाहिजे तेवढंच, नोकर मालकापेक्षा मोठा होणार नाही. २००५ च्या सिनेमात जनरल ग्रीव्हस नावाचा एक आहे, चार हातांत चार तलवारी, डोळे आणि काही अवयव सोडले तर सगळं मशीन, आणि तो सारखा खोकतो. चार हात असून त्याला फोर्स नाहीच. भाच्याला तोच जास्त आवडतो, काय करणार.

सायबॉर्ग शब्दाची पण एक गोष्ट आहे. १९६० साली मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन ह्या दोघांनी तो काढला. त्यांचा विषय अंतराळ होता. त्यांचं म्हणणं, माणूस पृथ्वीची हवा डब्यात भरून बरोबर नेतो आणि सतत डबेच तपासत बसतो, म्हणजे तो मशीनचा गुलाम होतो, त्यापेक्षा शरीरातच असे बदल करा की ते आपोआप चालेल आणि माणूस मोकळा राहील. शब्द जन्मला तोच गुलामी नको म्हणून! आणि त्या शब्दाचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कोण, तर हा, डबा गळ्यात घालून फिरणारा. बाय द वे मुखवटा आला तोसुद्धा अंतराळामुळेच, राल्फ मॅक्वारी नावाच्या चित्रकाराने पहिली चित्रं काढली तेव्हा कथेत वेडर एका यानातून दुसऱ्यात मोकळ्या अंतराळातून जाणार होता, मग श्वास कसा घेणार म्हणून त्याने श्वासाचा मुखवटा काढला. म्हणजे मुखवटा आधी, आजारपण नंतर.

दशावतारातला संकासुर आठवा, काळे कपडे, काळा मुखवटा, आत कोण आहे ते आपल्याला गावातलं असून ओळखू येत नाही. वेडरच्या आत तर एक माणूस पण नाही. अंग डेव्हिड प्राऊज, ब्रिस्टलचा वेटलिफ्टर, साडेसहा फूट. आवाज जेम्स अर्ल जोन्स, जो लहानपणी तोतरेपणामुळे वर्षानुवर्षं बोलतच नव्हता. पुढच्या सिनेमांत तलवारबाजी बॉब अँडरसन, हा खरा फेन्सर. शेवटी चेहरा दिसतो तो सेबॅस्टियन शॉ. आणि श्वास बेन बर्ट. पाच जणांचा मिळून एक राक्षस. एंट्री पण दशावतारासारखीच, २०१६ च्या सिनेमात अंधाऱ्या बोळात आधी नुसता श्वास ऐकू येतो, मग लाल तलवार पेटते, आमच्या घरी त्या सीनला आई पण लसूण सोलायची थांबली.

तिसऱ्या रात्री १९८३ चा बघितला. ल्यूकचा पण उजवा हात बापानेच तोडलेला, त्याला मशीनचा हात बसवलाय. लढाईत ल्यूक रागाने वेडरचा हात उडवतो, मनगटातून वायरी लोंबतात, आणि ल्यूक थांबून आधी त्या वायरी बघतो मग स्वतःचा हातमोजा घातलेला हात बघतो, आणि तलवार टाकून देतो. इथे भाच्याने पॉज केला. "मामा, मगे ल्यूकपण सायबॉर्ग?" हो रे. पण त्याचा हात त्याच्या माणसांनी, त्याच्याच बाजूच्या दवाखान्यात बसवला आणि त्याचं बटण दुसऱ्या कुणाकडे नाही.

मग पाल्पाटीन ल्यूकवर वीज सोडतो, वेडर दोघांकडे बघत उभा राहतो, आणि मालकाला उचलून खाली फेकून देतो. ती वीज त्याच्या सूटमधून जाते. ऐकलंत तर कळेल, इतक्या वर्षांचा तो ठेका पहिल्यांदा तुटतो, श्वास अडखळतो, खरखरतो. तो मुलाला सांगतो मुखवटा काढ. मुलगा म्हणतो काढला तर मराल. त्याला ते माहीत असतंच, एकदा स्वतःच्या डोळ्यांनी मुलाला बघायचं असतं. ह्या सीनला मी जरा बाहेर जाऊन आलो, गडग्यापर्यंत.

मग ल्यूक सूटसकट त्याला अग्नी देतो. पण हेल्मेट पूर्ण जळत नाही. २०१५ च्या सिनेमात त्याचा नातू तेच अर्धवट वितळलेलं हेल्मेट समोर ठेवून त्याच्याशी बोलतो, आणि स्वतः धडधाकट असून, श्वासाचा काही त्रास नसून, तोंडावर काळा मुखवटा घालून फिरतो. भाचा म्हणाला, येडो आसा.

दुसऱ्या दिवशी मात्र आंगणेवाडीच्या जत्रेतला त्याचा जुना काळा प्लास्टिकचा मुखवटा माळ्यावरून काढून दिला, तर घालून अंगणात नाचला दोन मिनिटं आणि घामाघूम होऊन काढून टाकला. मग माझा एक रेग्युलेटर मागून घेतला आणि दिवसभर घरातून घशाघशी, फुस्स, घशाघशी, फुस्स करत फिरत होता, आई ओरडेपर्यंत.